अक्षराला चौदा रुपये

घाटाकडं उतरताना डाव्या हाताला माझं दुकान.
पुढं तुळशीवृंदावनं, पाटे, वरवंटे,
आत मेलेल्यांची नावं.
अक्षराला चौदा रुपये. जोडाक्षराला वीस,
कारण जोडाक्षरात दगड दगा देतो.

तालमीची पोरं आली कागद घेऊन.
‘क्रांतिसूर्य भाई रत्नोजी इंगवले.’
म्हटलं, सूर्य महागात पडंल,
वर रफार आहे, तो पहिल्यांदा उडतो.
हसली. चहा झाला.
पैशाचं बघू नका म्हणाली,
आणि इसार द्यायला विसरली.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक शिरोळकर.
‘सूर्य’ खोडला, ‘प्रणेते’ लिहिलं,
पुढं पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह.
बेचाळीसला चावड्या जाळल्या, तारा तोडल्या,
चार वर्षं तुरुंग, दोनदा तिकीट नाकारलं,
सगळं खरं, म्हणाले,
पण मागं काय ठेवलं? एक धड संघटना?
ते गेल्यावर तसलंच प्रश्नचिन्ह
दगडावर कसं दिसतंय
खडूनं काढून बघितलं, उगीच.

मग शाहूपुरीतले नेमचंद, गुळाच्या अडतीवाले.
‘ह्या माणसानं माझ्या बापाची पेढी
एकेचाळीस दिवस बंद पाडली,
हमालांना रव्यामागं दोन पैसे जादा पाहिजेत म्हणून.
शेवटच्या दिवशी आमच्याच ओट्यावर चक्कर येऊन पडला.
आईनं पाणी दिलं. प्यायला,
आणि उठून परत आमच्याच नावानं घोषणा.’
थोडा वेळ गप्प.
‘माझे एक्कावन्नशे लिही. नाव नको.’

मी त्यांना बघितलं ते एकदाच, बिंदू चौकात,
चपलेला खिळा मारून घेताना.
आठ आण्यासाठी अर्धा तास घासाघीस.
आणि समोरचा चांभार खुशीत,
कारण भांडायला एवढा वेळ
दुसरं कोण देत होतं त्याला?
हे कुठल्या ओळीत बसवू?

परवा केराबाई आल्या,
राधानगरीकडच्या, नातवाच्या गाडीवरनं,
मांडीवर पाटा धरून.
ऐंशीच्या पुढच्या. दगडावरचं नाव
नातवाकडनं दोनदा वाचून घेतलं.

‘चावडी पेटली त्या रात्री
आत माझा बा निजला हुता. तराळकी त्याच्याकडं.
त्यास्नी ठावं नव्हतं म्हणत्यात.
नसंलबी.
मग दर म्हयन्याला पंधरा रुपयांची मनिऑर्डर.
धाडणाऱ्याचं नाव न्हाई, नुसतं कोल्हापूर.
आई अंगठा उठवायची, पैसं घ्यायची,
पोस्टमन वळला की थुकायची.
त्या पैशावर मी सातवी झाले.’

मी नाव विचारलं.
मळू तराळ.
पाच अक्षरं. जोडाक्षर एकही नाही.
इतकं सोपं नाव
चाळीस वर्षांत माझ्याकडं आलं नव्हतं.
म्हटलं, ह्याच दगडाच्या मागच्या अंगाला
कोरून देतो. फुकट.

‘मागं भिंत असतीया,’ म्हातारी म्हणाली,
‘भिंतीला वाचता येतं व्हय?’

पुढं कोरतो म्हणायला जीभ उचलली नाही.
दगड माझा नव्हता.
म्हणजे होता. इसार कुठं मिळालाय अजून?

तिनं पाटा सरकवला.
‘ह्याला टाकी घालून दे. मिरची वाटंना झालीया.’

खाली बसलो.
टिक, टिक, टिक,
गुळगुळीत पडलेल्या दगडाला परत खरखर.
ती शेजारी उकिडवी बसून
भुगा फुंकत राहिली,
माझ्या बोटांवरचासुद्धा.
पैसे मोजून दिले. नको म्हटलं तरी दिले.

आत भिंतीला टेकून काळा दगड.
नाव झालंय. वरची जागा रिकामी,
खालचा खडू पुसायचा राहिलाय.
अनावरण रविवारी.
पोरांचा फोन सकाळपासून वाजतोय.